रसायनांच्या नावांत आणि मापांत या चुका टाळा

सोलापुरात चादर-टॉवेलच्या डाइंगमध्ये (रंगाईत) ‘हायड्रो’ म्हटलं की सगळ्यांना कळतं. घोळ होतो फोनवर ऑर्डर देताना. व्हॅट रंगाला (जो पाण्यात आपोआप विरघळत नाही, रसायनाने विरघळवावा लागतो) हवं असतं सोडियम हायड्रोसल्फाइट आणि येतं हायड्रोसल्फाइड. फरक ‘ट’ आणि ‘ड’चा, माल मात्र पूर्ण वेगळा. पहिली पांढरी पूड. दुसरे पिवळसर फ्लेक्स, कुजक्या अंड्याच्या वासाचे. त्याने रंग नीट विरघळत नाही, म्हणून कारागीर आणखी दोन मुठी टाकतो. पुढे त्याच पाण्यात अॅसेटिक अॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड वायू सुटतो. तो वाढला की नाकाला वास कळेनासा होतो, आणि ‘वास गेला’ म्हणून टाकीत वाकणारा जिवाला मुकतो.

म्हणून ऑर्डरवर आययूपॅक (रसायनांची नावं ठरवणारी आंतरराष्ट्रीय संस्था) पद्धतीचं नाव लिहा: सोडियम डायथायोनाइट. शेजारी सीएएस क्रमांक, म्हणजे प्रत्येक रसायनाचा स्वतंत्र नोंदणी क्रमांक: ७७७५-१४-६. हायड्रोसल्फाइडचा १६७२१-८०-५. क्रमांक बरोबर उतरवलाय का, तेही तपासता येतं. शेवटचा अंक सोडा, उरलेल्यांना उजवीकडून १, २, ३ असं गुणत जा. डायथायोनाइटच्या क्रमांकाचे येतात ४, २, १५, २८, ३५, ४२. बेरीज १२६, एककाचा ६ हाच शेवटचा अंक. एवढ्याचा कंटाळा करणाऱ्यांचा राग येतो, कारण टाकीवर उभा असतो तो दुसराच माणूस.

ग्लॉबर सॉल्टचंही (रंग सुतावर चढवायला टाकतात ते सोडियम सल्फेट) तसंच. रेसिपीत नुसतं ‘सोडियम सल्फेट’ लिहिणं अर्धवट आहे. निर्जल रूपाचा रेणुभार १४२, दहा रेणू पाणी धरलेल्या स्फटिकाचा ३२२. १०० लिटरला ६ किलो निर्जल लागत असेल तर स्फटिक १३.६ किलो हवेत. सहाच किलो टाकले तर खरं सल्फेट जातं २.६५ किलो, रिअॅक्टिव्ह रंग (सुताशी रासायनिक जोड धरणारा) सुतावर न चढता पाण्यातच राहतो. मग नवशिके रंग वाढवतात! आधी पोतं बघा. स्फटिक ३२.४ अंशांना आपल्याच पाण्यात विरघळू लागतात, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात पोतं ओलं होतं. शंका असेल तर १० ग्रॅम कढईत कोरडं होईपर्यंत तापवा, ४.४ ग्रॅम उरले तर स्फटिकच.

हायड्रोजन पेरॉक्साइडची ‘व्हॉल्यूम’, म्हणजे एक लिटर द्रावणातून किती लिटर ऑक्सिजन सुटतो ते, काढताना एक मोल वायूचं आकारमान २२.४ लिटर धरायचं की २२.७, हे लिहून ठेवा. १९८२ पासून आययूपॅकचा प्रमाण दाब १ बार आहे, १ अॅटमॉस्फिअर नाही. म्हणून १ मोलर (लिटरमागे एक मोल) द्रावण ११.२ ऐवजी ११.३५ व्हॉल्यूम भरतं.

कॉस्टिक सोड्याचं ट्वॅडल (द्रावणाची घनता सांगणारं माप) गरम द्रावणात मोजू नका. हायड्रोमीटरच्या (घनता मोजायच्या तरंगत्या नळीच्या) काचेवर छापलेल्या तापमानाला आणून मगच वाचा.