हे शौ वू घेताय? या चुका टाळा

पांढरे केस काळे होतात असं ऐकून ‘हे शौ वू’ नावाचं चिनी औषधी मूळ मागवलेल्यांचे मेसेज मला सतत येतात. ‘फो-ती’ नावानेही विकतात ते हेच मूळ. जवळपास सगळ्यांची पहिली चूक एकच असते: घरात आलेलं मूळ कच्चं आहे की संस्कारित, हे कोणी बघितलेलंच नसतं.

चिनी वैद्यकात ही दोन वेगळी औषधं आहेत. कच्चं मूळ पोट साफ व्हायला देतात. केसांसाठी आणि अशक्तपणावर देतात ते काळ्या सोयाबीनच्या रसात शिजवून वाळवलेलं. चिनी औषधसंहितेत मात्राही वेगळ्या आहेत: कच्चं ३ ते ६ ग्रॅम, संस्कारित ६ ते १२ ग्रॅम. आपल्याकडे शोधन न केलेला बिब्बा कोणी पोटात घेईल का? मग इथे एवढी घाई का?

अख्खे काप घेतले तर फरक डोळ्यांना दिसतो. कच्चा काप आतून तांबूस-तपकिरी असतो आणि त्यावर ढगांची नक्षी असते. संस्कारित काप काळपट, टणक, तोडला की चकचकीत. चीनमधल्या ग्वांगझौच्या चिंगपिंग बाजारात मी आधी एक काप तोडून बघतो, मगच वजन करायला सांगतो. पावडरीत यातलं काहीच कळत नाही, म्हणून पावडर मी कोणालाही घेऊ देत नाही. कच्चं मूळ आणून काळ्या उडदाबरोबर कुकरला तीन शिट्ट्या देणं म्हणजे संस्कार नव्हे. जुनी रीत नऊ वेळा वाफवून नऊ वेळा वाळवण्याची आहे.

दुसरी चूक अंगावर येते. ओळखीतल्या एका ताईंनी ऑनलाइन मागवलेली पावडर रोज दोन वेळा चमचाभर घेतली. काही आठवड्यांनी जेवण जाईना, अंगाला खाज सुटली, लघवी गडद झाली. डॉक्टरांनी विचारलं, ‘काही औषध चालू आहे का?’ त्या ‘नाही’ म्हणाल्या, कारण जडीबुटी त्यांच्या लेखी औषध नव्हतीच. कावीळ कशाची, याचा शोध त्यामुळे लांबला. एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, हजारावर गेलं होतं. शेवटी मुलीने डबा नेऊन दाखवला आणि पावडर बंद झाली. त्या बऱ्या झाल्या, पण सगळेच होतात असं नाही. या मुळामुळे काहींचं यकृत कायमचं निकामी झालंय, मृत्यूही झालेत. ब्रिटनच्या औषध नियामकाने २००६ मध्ये आणि चीनच्या नियामकाने २०१४ मध्ये यकृताला होणाऱ्या इजेबद्दल इशारा दिला होता. संस्कारित मूळ घेऊनही अशी इजा झालेली आहे, तेव्हा ‘माझं तर शिजवलेलं आहे’ यावर विसंबू नका.

माझा आग्रह असा: आधी लिव्हर फंक्शन टेस्ट करा, काही आठवड्यांनी पुन्हा करा आणि डॉक्टरांना डबा दाखवा. यकृताचा जुना आजार, रोजची दारू, टीबीच्या गोळ्या किंवा मेथोट्रेक्सेट (संधिवातावर देतात ते औषध) चालू असेल तर घेऊच नका. गरोदरपणातही नको.

माणसाच्या आकाराचं मूळ ‘शंभर वर्षांचं’ म्हणून विकतात. साच्यात वाढवलेला दुसराच कंद असतो तो.

काढा लोखंडी भांड्यात करू नका.

खरं सांगायचं तर नुसत्या पांढऱ्या केसांसाठी हे मूळ घ्यावं असं मला वाटत नाही. केस पुन्हा काळे होतात याला माणसांवरच्या चाचण्यांचा भक्कम आधार नाही. आणि एकदा त्रास झाला असेल तर ‘आता कमी मात्रेत बघू’ म्हणून पुन्हा सुरू करू नका. दुसऱ्या वेळी यकृत लवकर आणि जास्त बिघडू शकतं.