सॉफ्टवेअर स्वतः शिकताना या चुका टाळा

संगणकावरचे सॉफ्टवेअर शिकवणीशिवाय, केवळ पुस्तक, पीडीएफ किंवा व्हिडिओ समोर ठेवून शिकता येते, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. ज्यांना एक्सेल (हिशेबाचे तक्ते करण्याचे सॉफ्टवेअर) किंवा पायथन (प्रोग्रामिंगची भाषा) खरोखर चांगले येते, असे माझ्या ओळखीचे बहुतेक लोक याच वाटेने शिकलेले आहेत. मात्र या वाटेवर अडखळण्याच्या जागा जणू ठरलेल्या आहेत आणि मदत मागायला येणारे नवशिके वर्षानुवर्षे त्याच जागी अडखळलेले असतात. मार्गदर्शिकेतले उदाहरण यशस्वी व्हावे म्हणूनच रचलेले असते, ही साधी गोष्ट ते विसरतात. त्यांच्या दोन चुकांचा मला विशेष वीट आला आहे, त्यामुळे त्यांवर सविस्तर लिहितो. बाकीच्या थोडक्यात उरकतो.

मार्गदर्शिका एका आवृत्तीची, सॉफ्टवेअर दुसऱ्या आवृत्तीचे

"पुस्तकात दाखवलेले बटण माझ्याकडे नाहीच," ही तक्रार आली की मी पहिला प्रश्न आवृत्तीचा विचारतो आणि त्याचे उत्तर सहसा येत नाही. एक्सेल २००३ पर्यंत वरच्या बाजूला मेन्यूंची पट्टी होती. २००७ मध्ये तिची जागा रिबनने, म्हणजे बटणांच्या रुंद पट्ट्याने, घेतली आणि जवळजवळ प्रत्येक आज्ञेचा पत्ता बदलला. तरीही त्या जुन्या पट्टीवर आधारलेल्या पीडीएफ आजही हौसेने एकमेकांना पाठवल्या जातात. उलट दिशेनेही फसगत होते. एक्सलुकअप हे यादीत शोधून उत्तर आणणारे फंक्शन (तयार सूत्र) मायक्रोसॉफ्ट ३६५ या वर्गणीच्या आवृत्तीत आणि एक्सेल २०२१ मध्ये आहे, २०१६ आणि २०१९ मध्ये नाही. जुन्या आवृत्तीत ते लिहिले की सेलमध्ये '#नेम?' उमटते, म्हणजे हे नाव एक्सेलला ओळखता आलेले नसते. शिकणारा मात्र आपलाच कंस किंवा स्वल्पविराम चुकला असे समजून तोच फॉर्म्युला पुन्हा पुन्हा टाइप करत बसतो. खरोखर स्वल्पविरामाचीच अडचण असण्याचीही एक शक्यता असते, कारण काही प्रादेशिक सेटिंगमध्ये फॉर्म्युल्यातील भाग स्वल्पविरामाऐवजी अर्धविरामाने वेगळे करावे लागतात आणि मार्गदर्शिकेच्या लेखकाच्या संगणकावर ते सेटिंग नसल्यामुळे त्याने त्याचा उल्लेखही केलेला नसतो.

प्रोग्रामिंग शिकणाऱ्यांची स्थिती वेगळी नाही. पायथनच्या दुसऱ्या आवृत्तीत प्रिंट या, पडद्यावर उत्तर दाखवणाऱ्या आज्ञेपुढे कंस लागत नसे, तिसऱ्या आवृत्तीत लागतो. हा फरक निदान एरर देऊन स्वतःची जाहिरात तरी करतो. पण ७ भागिले २ चे उत्तर दुसऱ्या आवृत्तीत ३ येत असे आणि तिसऱ्या आवृत्तीत ते ३.५ येते, हा फरक कोणतीही एरर न देता गणित बदलून टाकतो. दुसऱ्या आवृत्तीची अधिकृत देखभाल १ जानेवारी २०२० रोजी थांबली. तिच्यावर लिहिलेले धडे मात्र शोधात अजूनही सापडतात.

माझी सवय अशी आहे की नवीन मार्गदर्शिका उघडण्याआधी मी सॉफ्टवेअरची आवृत्ती कागदावर लिहून ठेवतो. अलीकडच्या एक्सेलमध्ये ती 'फाईल'मधील 'अकाउंट'खाली सापडते आणि लिबरऑफिस या मोफत कार्यालयीन सॉफ्टवेअरमध्ये 'हेल्प'मधील 'अबाउट'खाली. त्यानंतर मार्गदर्शिका कोणत्या आवृत्तीसाठी आणि कोणत्या वर्षी लिहिली आहे ते पाहतो आणि ते कुठेच लिहिलेले नसेल तर ती बाजूला ठेवतो, मग लेखकाची कीर्ती कितीही मोठी असो. फरक थोडा असेल तर रिबनच्या वरच्या शोधचौकटीत आज्ञेचे नाव टाइप केले की ती सापडते. पुस्तकाशी पडदा जुळावा म्हणून सॉफ्टवेअरची जुनी, चोरीची प्रत शोधणारे लोकही मी पाहिले आहेत. त्यांनी पुस्तक बदलावे, ते अधिक स्वस्त आणि अधिक सुरक्षित असते.

एरर आली नाही म्हणजे उत्तर बरोबर आले, हा समज

ही चूक मला सर्वांत घातक वाटते, कारण ती करणाऱ्याला आपण काही चुकवले आहे याचा पत्ताच नसतो.

एका कार्यालयात भांडार सांभाळणाऱ्या एका तरुणाने एक्सेल स्वतः शिकून मालाची नोंदवही तयार केली होती. एका पानावर वस्तूंचे कोड आणि दर होते, दुसऱ्या पानावर शिल्लक माल. कोडवरून दर आणण्यासाठी त्याने व्हीलुकअप हे शोधाचे फंक्शन वापरले होते. वर्षअखेरीला शिल्लक मालाची किंमत लेखाविभागाच्या आकड्याशी जुळेना, तेव्हा साहजिकच दोष लेखाविभागाला दिला गेला, आणि बरीच शाब्दिक चकमक झाल्यानंतर ती फाईल माझ्यासमोर आली. फॉर्म्युला मार्गदर्शिकेतून अक्षरशः जसाच्या तसा घेतला आहे, असे तो पुन्हा पुन्हा सांगत होता, आणि ते खरेही होते. मार्गदर्शिकेच्या लेखकाने व्हीलुकअपला तीनच गोष्टी दिल्या होत्या: काय शोधायचे, कुठे शोधायचे आणि कितव्या कॉलममधले उत्तर आणायचे. चौथी जागा रिकामी सोडली की एक्सेल तिथे 'ट्रू' गृहीत धरते, म्हणजे नेमका कोड मिळालाच पाहिजे असा आग्रह न धरता जवळपासचा कोड चालवून घेते. त्यासाठी यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असे मानून एक्सेल मधली ओळ पाहते, हवा असलेला कोड त्याहून मोठा असेल तर खालच्या अर्ध्या भागात आणि लहान असेल तर वरच्या अर्ध्या भागात जाते, आणि असे अर्धे-अर्धे करत एका ओळीवर येऊन थांबते. मार्गदर्शिकेतल्या दहा-बारा ओळींच्या यादीत कोड क्रमाने होते, त्यामुळे तिथे सर्व उत्तरे बरोबर येत होती. या तरुणाच्या यादीत मात्र नव्या वस्तू येतील तशा शेवटी जोडल्या गेल्या होत्या, म्हणून शोध भलत्याच अर्ध्या भागात जात होता आणि कितीतरी वस्तूंना भलत्याच वस्तूचे दर लागत होते.

काही ओळींत '#एन/ए', म्हणजे 'शोधलेले सापडले नाही', ही एरर येऊन धोक्याची सूचना मिळालीही होती. पण एका छोट्या व्हिडिओत "एरर घालवण्याची सोपी युक्ती" म्हणून इफएरर हे, एररच्या जागी आपण सांगू ते दाखवणारे फंक्शन दाखवले होते, ते या तरुणाने साऱ्या कॉलमभर लावले आणि प्रत्येक एररच्या जागी शून्य आणून ठेवले. असल्या युक्त्यांवर माझा राग आहे तो याचसाठी. इफएरर हे फंक्शन वाईट नाही. पण एरर का आली हे समजण्याआधी ते लावणे म्हणजे तपासाचा एकमेव धागा स्वतःच्या हाताने तोडणे आहे.

दुरुस्ती एका शब्दाची होती: चौथ्या जागी 'फॉल्स' लिहायचे. व्हीलुकअप लिहिताना माझी बोटे आता ते आपोआप लिहितात, यादी क्रमाने असो वा नसो. त्याखेरीज कोणताही नवा फॉर्म्युला खालपर्यंत ओढल्यावर मी पहिली, शेवटची आणि मधली कोणतीतरी एक ओळ हाताने पडताळतो, आणि मग मुद्दाम यादीत नसलेला कोड टाकून पाहतो. नसलेल्या वस्तूलाही दर मिळाला तर फॉर्म्युला खोटे बोलतो आहे. लांबलचक फॉर्म्युल्यात संशय आला तर फॉर्म्युला बारमध्ये त्याचा एखादा भाग निवडून एफ९ दाबावे, त्या भागाची किंमत तिथेच दिसते. बाहेर पडताना मात्र एस्केप दाबावे, कारण एंटर दाबल्यास फॉर्म्युल्याच्या त्या भागाच्या जागी तो आकडा कायमचा बसतो.

असे प्रकार नवशिक्यांपुरतेच घडतात असे कोणी समजू नये. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांच्या सरकारी कर्जावरील २०१० च्या शोधनिबंधात सरासरीच्या फॉर्म्युल्यातून पाच देशांच्या ओळी सुटल्या होत्या, आणि ही गोष्ट २०१३ मध्ये थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याने मूळ फाईल मागवून तपासली तेव्हा उघडकीस आली. इंग्लंडमध्ये २०२० च्या शरद ऋतूत कोरोनाबाधितांच्या १५,८४१ नोंदी रोजच्या आकडेवारीतून गळल्या, कारण माहिती जुन्या एक्सएलएस प्रकारच्या फायलींत भरली जात होती आणि त्या प्रकारात एका पानावर ६५,५३६ पेक्षा जास्त ओळी मावत नाहीत.

नुसते पाहणे

दीडपट वेगाने व्हिडिओ पाहून "एक्सेल झाले, आता पुढे काय?" असे विचारणाऱ्यांना मी कोरी फाईल उघडून देतो, आणि तिथेच बहुतेकांचे हात थांबतात. पडद्यावर दुसऱ्याचा कर्सर योग्य जागी जाताना पाहिले की आपल्यालाही ते येते असा भास होतो. पण पुढचे क्लिक कुठे करायचे हा निर्णय आपण घेतलेलाच नसतो, आणि शिकायचा तर तोच असतो. धडा संपल्यावर मार्गदर्शिका बंद करावी आणि दुसऱ्या दिवशी तेच काम स्वतःच्या माहितीवर, रिकाम्या पानापासून करावे. सरावाची तयार फाईल उतरवून त्यातले तयार उत्तर पाहणाऱ्यांबद्दल मी बोलत नाही, कारण ते शिकत नसून करमणूक करून घेत आहेत.

फाईल आणि फोल्डर न समजता पुढे जाणे

हा धडा कंटाळवाणा असतो म्हणून घाई झालेले लोक तो वगळतात आणि पुढे त्याचीच किंमत मोजतात. झिप फाईल (अनेक फायली दाबून बांधलेले गाठोडे) न उलगडता तिच्या आतच सराव सुरू केला की केलेले बदल नेमके कुठे गेले ते सापडत नाही आणि प्रोग्रामला शेजारची फाईल मिळत नाही. विंडोज ओळखीच्या फायलींची एक्स्टेन्शन, म्हणजे फाईलचा प्रकार सांगणारी नावाच्या शेवटची अक्षरे, मुळात लपवून ठेवते, त्यामुळे नोटपॅडमध्ये साठवलेली वेबपानाची फाईल प्रत्यक्षात शेवटी 'डॉट टीएक्सटी' घेऊन बसलेली असते आणि ब्राउझरमध्ये उघडल्यावर पानाऐवजी कोडच दिसतो. फाईल एक्सप्लोररमध्ये एक्स्टेन्शन दाखवण्याचा पर्याय पहिल्याच दिवशी चालू करावा.

आणखी काही

पीडीएफमधून किंवा वर्डमधून कोड चिकटवू नये. तिथली वळणदार अवतरणचिन्हे पायथनला चालत नाहीत, आणि तसेही स्वतः टाइप केल्याशिवाय कोड हातात बसत नाही. पायथनची एरर आली की आधी शेवटची ओळ वाचावी, मग तिच्या वर दिलेला ओळ क्रमांक. त्या ओळीत चूक दिसली नाही तर तिच्या आधीच्या ओळीतला न मिटलेला कंस शोधावा.

बेरजेत एखादा आकडा धरला जात नसेल तर तो सेलच्या डाव्या बाजूला चिकटलेला आहे का ते पाहावे, कारण मजकूर म्हणून साठलेले आकडे सम हे फंक्शन सोडून देते. उलट, शून्याने सुरू होणारे क्रमांक आणि पंधरापेक्षा जास्त अंकांचे क्रमांक भरण्याआधी त्या कॉलमचा प्रकार 'टेक्स्ट' करावा. नाहीतर सुरुवातीची शून्ये जातात आणि पंधराव्या अंकानंतरच्या प्रत्येक अंकाचे शून्य होते. नंतर प्रकार बदलून गेलेले अंक परत येत नाहीत.

एकाच कॉलमला क्रम लावताना एक्सेल शेजारचे कॉलमही सोबत घ्यायचे का असे विचारते, तो प्रश्न वाचल्याशिवाय मिटवू नये. वर्डमध्ये नवे पान हवे असेल तर एंटर दाबत खाली जाऊ नये, कंट्रोल आणि एंटर एकत्र दाबावे. कीबोर्ड शॉर्टकटचे तक्ते पाठ करणे हा वेळेचा अपव्यय आहे. मूळ फाईलवर सराव करू नये, प्रत काढावी. कंट्रोल झेडचा आधार फाईल बंद करेपर्यंतच असतो, आणि ऑटोसेव्ह चालू असेल तर बिघडलेली फाईलच साठवली जाते. चॅटबॉटने दिलेल्या फॉर्म्युल्यालाही वरची सगळी पडताळणी लागू आहे. तो नसलेल्या मेन्यूचे नावही तितक्याच आत्मविश्वासाने सांगतो.

इतके करूनही अडले तर प्रश्न विचारावा, पण "चालत नाही" एवढेच लिहून पाठवू नये. सॉफ्टवेअरची आवृत्ती, नेमका कोणता फॉर्म्युला किंवा कोड लिहिला, काय अपेक्षित होते, प्रत्यक्षात काय आले आणि एररचा पूर्ण मजकूर, हे सारे टाइप करून द्यावे. तिरक्या धरलेल्या मोबाईलने काढलेल्या पडद्याच्या अस्पष्ट छायाचित्रावरून निदान करण्याचे मी बंद केले आहे.