उपग्रहाचा डेटा पायथॉनमध्ये वाचताय? या चुका टाळा

नाशिकची मुलं पाऊस आणि द्राक्षांवरचे प्रोजेक्ट घेऊन येतात, आणि चुका त्याच त्याच असतात. फाइलमध्ये काय आहे हे न वाचता थेट नकाशा काढायची घाई!

सगळ्यात महागात पडतो तो वेळेचा घोळ. दिंडोरीच्या अवकाळी पावसावर काम करणाऱ्या एका मुलाचे आयमर्गचे (नासाचा उपग्रहांवरून काढलेला पावसाचा डेटा) रोजचे आकडे पर्जन्यमापकाशी जुळेनात. उपग्रहच चुकतो असं ठरवून त्याने करेक्शन फॅक्टर बसवला आणि अर्धा अहवाल लिहूनही टाकला. दोन्ही तक्ते शेजारी ठेवले, तर संध्याकाळचा प्रत्येक पाऊस उपग्रहाकडे एक दिवस आधी. आयमर्गचा दिवस यूटीसीचा (जागतिक प्रमाणवेळेचा), म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. पर्जन्यमापक सकाळी साडेआठला वाचतात आणि मागच्या २४ तासांचा पाऊस त्या दिवसाच्या तारखेला लिहितात. ११ तारखेच्या संध्याकाळचा पाऊस फाइलमध्ये ११ला, वहीत १२ला. फॅक्टर कितीही बदला, हे जुळणार कसं? तुलना करायची असेल तर मी रोजची फाइल घेतच नाही. अर्ध्या तासाच्या ४८ फायली यूटीसी ३ ते ३ (आपले सकाळी साडेआठ ते साडेआठ) घेते आणि बेरीज ०.५ने गुणते, कारण आकडे मिलिमीटर प्रति तास असतात. वेळ लागतो, लागू द्या.

दुसरा घोळ स्केल फॅक्टरचा, म्हणजे फाइलमधल्या आकड्यावरून खरी किंमत काढायच्या गुणकाचा. मोडिस या नासाच्या उपग्रहावरच्या उपकरणाच्या एमओडी११ए१ (जमिनीच्या पृष्ठभागाचं तापमान) मध्ये तापमान १५००० दिसलं, तर ०.०२ने गुणून ३०० केल्विन, म्हणजे सुमारे २७ अंश. तिथे ० म्हणजे डेटा नाही. ते न वगळता सरासरी काढली की निफाड उणे तापमानात जातं. एमओडी१३क्यू१ (वनस्पतींचा हिरवेपणा) च्या फाइलमध्ये मात्र स्केल १०००० लिहिलेला असतो, तिथे भागायचं. म्हणून गुणाकाराआधी मी ॲट्रिब्यूट (फाइलमध्येच लिहिलेली डेटाची माहिती) छापून बघते, दर वेळी. नेटसीडीएफ प्रकारची फाइल एक्सअरे या पायथॉन लायब्ररीने उघडली असेल तर हे आपोआप होतं, पुन्हा गुणू नका.

एचडीएफ५ फायली वाचणारी एच५पाय लायब्ररी 'फाइल सिग्नेचर नॉट फाउंड' म्हणाली की लगेच पुन्हा डाउनलोड करू नका. मोडिसची फाइल जुन्या एचडीएफ४ प्रकारची असते, ती एच५पायला वाचता येत नाही; त्यासाठी पायएचडीएफ लायब्ररी वापरा.

आयमर्गच्या मूळ फाइलमध्ये रेखांश आधी, अक्षांश नंतर. जुलैच्या एकूण पावसात इगतपुरी-त्र्यंबककडे भरपूर आणि सिन्नरकडे कमी दिसत नसेल, तर पुढचा कोड थांबवून आधी अक्ष तपासा.