अ‍ॅडमिनचा पासवर्ड हाताशी नसताना घरच्या कॉम्प्युटरवर काय काय करता येतं

आमच्या घरचा कॉम्प्युटर धाकट्या दिरांनी घेतला. अ‍ॅडमिनचं खातं, म्हणजे ज्यातून कॉम्प्युटरवर काहीही बदलता येतं ते, त्यांनी स्वतःकडे ठेवलं आणि मला, मामंजींना, पोरांना साधी खाती काढून दिली. आता ते नोकरीसाठी बंगळुरात असतात. बचत गटाचा हिशोब, पोरांचे फॉर्म, प्रिंट काढणं हे सगळं माझ्याकडे आलं आणि पासवर्ड मात्र त्यांच्यापाशी राहिला. मागून घे, असं जो तो म्हणतो. मी घेतलेला नाही. त्यावाचून अडतं ते फार थोडं, आणि पोरं कुठल्याही लिंकवर क्लिक करतात तेव्हा तो पासवर्ड घरात नसलेलाच बरा.

आधी आपलं खातं कुठलं ते पाहा. सेटिंग्ज उघडा, अकाउंट्समध्ये जा, मग युअर इन्फो. नावाखाली ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’ असं नसेल तर खातं साधं. (मी विंडोज ११ वापरते, १० मध्ये काही नावं थोडी वेगळी दिसतील.)

यापुढे खूण ओळखायची ती निळ्या-पिवळ्या ढालीची. कंट्रोल पॅनलमध्ये जाऊन ‘डेट अँड टाइम’ उघडा, म्हणजे लगेच कळेल. ‘चेंज डेट अँड टाइम’ या बटणावर छोटी ढाल आहे, त्याच्याच खालच्या ‘चेंज टाइम झोन’वर नाही. म्हणजे टाइम झोन तुम्ही बदलू शकता, घड्याळाची वेळ नाही. ढाल असेल तिथे पासवर्ड मागणारच. नव्या सेटिंग्जमध्ये ढाल नेहमी दिसत नाही, तिथे बटण फिकट पडलेलं असतं किंवा दाबल्यावर पासवर्डची खिडकी येते. ती आली तर ‘नो’ म्हणा आणि बाहेर या, काही बिघडत नाही.

घड्याळावरून आठवलं. जुन्या डेस्कटॉपचा बोर्डावरचा स्विच बंद केला की तारीख मागे जाते, मग क्रोम म्हणतं तुमचं घड्याळ मागे आहे, आणि बँकेची साइट उघडत नाही. लोक नेटवाल्याला फोन लावतात. दोष नेटचा नसतो, मदरबोर्डवरचा सीआर २०३२ नावाचा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. तो बदलून घ्या. तोवर कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ २ दाबून बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी येणाऱ्या सेटिंग्जमध्ये, तारीख नीट करता येते. तिथे विंडोजचा पासवर्ड लागत नाही, पण तारीख-वेळ सोडून बाकी कशालाही हात लावू नका.

माझं सगळ्यात मोठं काम मराठी टायपिंगचं, आणि ते पूर्ण आपल्या हातात आहे. सेटिंग्जमध्ये टाइम अँड लँग्वेज, त्यात लँग्वेज अँड रीजन. अ‍ॅड अ लँग्वेज दाबून मराठी निवडा. पुढच्या पानावर ‘सेट अ‍ॅज माय विंडोज डिस्प्ले लँग्वेज’ची खूण काढून टाका, नाहीतर सगळे मेनू मराठीत येतील आणि भाऊजी फोनवर सांगतील ते बटण सापडणार नाही. मग मराठीसमोरच्या तीन टिंबांवर जाऊन लँग्वेज ऑप्शन्स, अ‍ॅड अ कीबोर्ड, आणि मराठी फोनेटिक. हा कीबोर्ड विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून आतच आहे, बाहेरून काही उतरवायला नको. इंग्रजी अक्षरांत नमस्कार टाइप करा, देवनागरीत येतो. विंडोजचं बटण धरून स्पेसबार दाबला की भाषा बदलते.

अक्षरं मोठी करायची तर अ‍ॅक्सेसिबिलिटीत टेक्स्ट साइझ आहे, १०० पासून २२५ टक्क्यांपर्यंत. मामंजी १५० वर पेपर वाचतात, माझी स्क्रीन मात्र जशीच्या तशी, कारण हा बदल ज्याच्या त्याच्या खात्यापुरता असतो. नाइट लाइट, माउसचा बाण, वॉलपेपर, पीडीएफ कशात उघडायची, हेही तसंच.

प्रिंट भलत्याच प्रिंटरवर जात असेल तर प्रिंटर्स अँड स्कॅनर्समध्ये ‘लेट विंडोज मॅनेज माय डीफॉल्ट प्रिंटर’ बंद करा. ते चालू असलं की शेवटी वापरलेला प्रिंटर पुढच्या वेळी आपोआप निवडला जातो. मग आपला प्रिंटर निवडून ‘सेट अ‍ॅज डीफॉल्ट’ दाबायचं.

सुरू व्हायला वेळ लागत असेल तर अ‍ॅप्स, मग स्टार्टअप. नको ती अ‍ॅप बंद करा. काही बंद होणार नाहीत, ती सोडून द्या. नवं काही हवं असेल तर आधी मायक्रोसॉफ्ट स्टोअरमध्ये बघा, तिथली बहुतेक अ‍ॅप पासवर्डशिवाय बसतात. क्रोमही बसतं: पासवर्डच्या खिडकीला ‘नो’ म्हटलं की ते विचारतं, अ‍ॅडमिनशिवाय बसवू का? हो म्हणा.

पेन ड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू करून पासवर्ड उडवायचे व्हिडिओ पुष्कळ आहेत. त्यांच्या नादी लागू नका. डिस्क बिटलॉकर या विंडोजच्या कुलपाने बंद असेल तर ४८ आकड्यांची रिकव्हरी की मागते आणि ती नसेल तर सगळ्या फाइली आत अडकतात.

उरलेल्या ढालवाल्या कामांची मी चिठ्ठी करते आणि रविवारी भाऊजींना क्विक असिस्टवर घेते, म्हणजे त्यांना तिकडून आमची स्क्रीन दिसते आणि चालवता येते. कंट्रोल, विंडोज आणि क्यू एकत्र दाबलं की ते उघडतं. भाऊजी तिकडून कोड देतात, मी इथे टाकते, परवानगी देते. पासवर्डची खिडकी आली की त्यांना तिकडे काही दिसत नाही, म्हणून पासवर्ड ते फोनवर सांगतात आणि मी इथे टाइप करते. सगळी कामं उरकली की ते पासवर्ड बदलतात. त्यांचं खातं मायक्रोसॉफ्टचं असल्यामुळे ते तिकडे बसूनच होतं.