दोन किटचा एक ट्रक : चेसिस सरळ रेषेत कापू नका

हिंगणघाटच्या जिनिंगसमोर कापसाचे ट्रक रांगेत उभे असतात. तसाच छोटा प्लास्टिकचा मॉडेल ट्रक करायचा तर केबिन एका किटची (सुटे भाग जोडून मॉडेल करायच्या संचाची), मागची चेसिस म्हणजे खालचा सांगाडा दुसऱ्या किटची जोडावी लागते. आधी टेप घेऊन खऱ्या ट्रकचं पुढच्या चाकाच्या मध्यापासून मागच्या चाकाच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा. ड्रायव्हरदादा आनंदानं मोजू देतात. ते ४२०० मिमी भरलं तर १/२४ मापात, म्हणजे खऱ्याच्या चोविसाव्या हिश्शात, १७५ मिमी होतं, १/२५ मध्ये १६८. ही दोन मापं इंजिन-चेसिसमध्ये मिसळली तरी खपतात. चाकं मात्र सगळी एकाच किटची घ्या, तिथला फरक लगेच डोळ्यात भरतो.

आता मुख्य गोष्ट. चेसिस या मापाची करताना तिच्या दोन्ही लांब पट्ट्या एकाच जागी कापल्या की सांधा तिथेच वाकतो. डावी पट्टी थोडी पुढे कापा, उजवी दोन-तीन सेंटीमीटर मागे. प्रत्येक सांध्याला आतून स्टायरीनची (मॉडेलच्या प्लास्टिकची) पट्टी चिकटवा, काचेच्या तुकड्यावर सपाट ठेवून दाबा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. घाई केली की ट्रक तीन चाकांवर उभा राहतो, फार जीव हळहळतो.

पातळ सिमेंट, म्हणजे मॉडेल जोडायचा पातळ गोंद, प्लास्टिक विरघळवूनच सांधतं, म्हणून आधी रंग खरवडून काढा. आपल्याकडे मे महिन्यात ते ब्रशवरच उडून जातं. जोडकाम सकाळीच उरका आणि चेसिस टिनाच्या खोलीत ठेवू नका.

फाळक्यांना आइस्क्रीमच्या काड्या उभ्या चिरून लावा.