पोरांना ‘अर्धसत्य’ दाखवायचाय? असं करा

१९८३चा पिक्चर म्हटल्यावर पोरं नाक मुरडणारच, म्हणून आम्ही सांगलीत गावभागात माडीवर भिंतीला पांढरी चादर ताणतो, भडंगाचं पातेलं मधे आणि मोबाईल सगळे कपाटात. आधी एवढंच सांगा की पटकथा विजय तेंडुलकरांची, मूळ कथा श्री. दा. पानवलकरांची ‘सूर्य’. शेवट अजिबात फोडू नका. सदाशिव अमरापूरकरांचा रामा शेट्टी आला की आवाज वाढवा, माणूस ओरडत नाही तरी दरारा कसा बसतो ते पोरांना दिसलं पाहिजे, आजच्या गुंडांच्या पिक्चरात हे सापडतच नाही हो. ओम पुरी हॉटेलात दिलीप चित्रेंची कविता वाचतो तिथं पॉज करा, परत लावा, तेव्हा त्याच्या चेहऱ्याकडंच बघायला सांगा.