कोड चालतो, हवामान चुकतं: डीएसएलमध्ये लिहिताना या चुका टाळा

फोरट्रानमध्ये वर्षानुवर्षं डू-लूप लिहिलेला माणूस हवामान मॉडेलसाठी जीटीफोरपायसारख्या (पायथनमधल्या) डीएसएलकडे, म्हणजे एका कामापुरत्या घडवलेल्या भाषेकडे वळतो तेव्हा आधी हायसं वाटतं. शेजारच्या चौकटीतलं तापमान हवं, एवढं लिहायचं. शेजारच्या किमतींवरून प्रत्येक चौकटीत करायच्या अशा हिशोबाला स्टेन्सिल म्हणतात. जीपीयूसाठीचा कोड आपोआप तयार होतो. पण लूप फाइलमधून गेला तरी डोक्यातून जात नाही, आणि घोळ तिथेच होतो.

सगळ्यात महागात पडते ती उभ्या दिशेची चूक. वातावरणाचे थर एकमेकांवर अवलंबून न ठेवता मोजायचे (पॅरलल), क्रमांक वाढेल तसे (फॉरवर्ड) की उलट्या क्रमाने (बॅकवर्ड), हे आपणच सांगायचं असतं. फॉरवर्डचा अर्थ फक्त वाढता क्रमांक. वर की खाली, ते मॉडेलवर ठरतं: आयकॉन आणि एफव्ही३मध्ये पहिला थर वातावरणाच्या माथ्यावर असतो, डब्ल्यूआरएफमध्ये जमिनीलगत. माथ्यावरून वजन मिळवत दाब काढणारा स्टेन्सिल मी एकदा एका ग्रिडवरून दुसऱ्यावर जसाच्या तसा डकवला. एकही एरर नाही. आलेख काढला तर जमिनीवर जेमतेम काही हेक्टोपास्कल आणि माथ्यावर हजाराच्या आसपास! तेव्हापासून स्टेन्सिलच्या डोक्यावर 'शून्य (म्हणजे पहिला थर) कुठे' ही एक ओळ लिहिल्याशिवाय पुढे जात नाही.

कुठल्या थरापासून कुठल्या थरापर्यंत मोजायचं, त्या अंतराचंही (इंटरव्हल) तसंच. आधीचा थर वाचायचा असेल तर मोजणी दुसऱ्या थरापासून सुरू करा, पहिल्याची किंमत वेगळी भरा. आणि शून्य ते उणे एक असं अंतर दिलंत तर पायथनच्या रिवाजाप्रमाणे शेवटचा थर गळतो.

दुसरी चूक हेलोची. ग्रिडचे तुकडे करून ते वेगवेगळ्या प्रोसेसना वाटतात; प्रत्येक तुकड्याच्या कडेला ठेवलेल्या शेजाऱ्याच्या चौकटी म्हणजे हेलो. लाप्लाशियनला (चौकट शेजाऱ्यांच्या सरासरीपेक्षा किती वेगळी, ते सांगणाऱ्या गणिताला) कडेची एक चौकट लागते. चौथ्या घाताच्या डिफ्यूजनमध्ये लाप्लाशियनचा लाप्लाशियन येतो, म्हणून दोन लागतात. मधल्या तात्पुरत्या फील्डचा विस्तार कंपायलर सांभाळतो, पण इनपुटचा हेलो पुरेसा आणि ताजा ठेवणं आपल्याकडे. वेग वाढवायला आर्ग्युमेंटची तपासणी बंद केली असेल तर आधी ती चालू करा. मग तेच रन एका प्रोसेसवर आणि चारांवर करून फरकाचा नकाशा काढा. तुकड्यांच्या सीमांवर सरळ रेघा उमटल्या, तर फिजिक्स उकरत बसू नका. हेलोत मुद्दाम नॅन ('हा आकडाच नाही' अशी खूण) भरून ठेवले की कुठला स्टेन्सिल शिळी माहिती वाचतो तेही कळतं.

ब्रिटिश मेट ऑफिसच्या एलएफरिक या हवामान मॉडेल प्रणालीत सायक्लोन (PSyclone) हे कोड तयार करणारं साधन वापरतात. तिथे कर्नलचं (ग्रिडच्या एका भागावरचा हिशोब करणाऱ्या छोट्या रूटीनचं) प्रत्येक आर्ग्युमेंट वाचायचं आहे, लिहायचं आहे की त्यात भर घालायची आहे, हे मेटाडेटात नोंदवावं लागतं. हेलोची देवाणघेवाण कुठे हवी, थ्रेड एकमेकांवर आदळू नयेत म्हणून रंगवाटणी (एकमेकांना न भिडणाऱ्या चौकटींचे गट पाडणं) कुठे हवी, हे सायक्लोन त्या नोंदीवरून ठरवतो. कर्नलच्या आत तुम्ही खरंच काय केलंय, यावर त्याचा भरवसा नाही, नोंदीवर आहे. एका थ्रेडवर उत्तर बरोबर आणि अनेकांवर दर वेळी वेगळं आलं, तर पहिला संशय त्या नोंदीवरच घ्या.

जीटीफोरपायमध्ये एक्स्टर्नल म्हणून दिलेले स्थिरांक कंपाइल होतानाच कोडमध्ये गोठतात. टाइमस्टेप तसा दिला आणि नंतर बदलला, तर तयार स्टेन्सिल जुन्याच आकड्यावर चालत राहतो. बदलणारी गोष्ट पॅरामीटर म्हणूनच पाठवा.

जुन्या फोरट्रानशी ताडून पाहताना बिट-बिट जुळण्याचा हट्ट सोडा. जीपीयूवर बेरजेचा क्रम आणि गुणाकार-बेरीज एकत्र करण्याची पद्धत बदलते. दहा दिवसांचा अंदाज ताडण्यातही अर्थ नाही, तोवर राउंडिंगचा फरकही फुगलेला असतो. एकेक स्टेन्सिल घ्या, खऱ्या रनमधून साठवलेलं इनपुट द्या, आधी नमपाय बॅकएंडवर (साध्या पायथनमधून चालणाऱ्या पर्यायावर) चालवा. डबल प्रिसिजनमध्ये सापेक्ष फरक १०⁻¹³च्या घरात असेल तर सहसा ठीक. १०⁻⁷ दिसला, तर कुठेतरी एखादं फील्ड सिंगल प्रिसिजनमध्ये घसरलंय का ते बघा.

वेग मोजताना पहिला रन धरू नका, त्यात कंपाइलचा वेळ मिसळलेला असतो.